भ्रमनिरास झाला असेल तर गोचर असं वाचा

२७ मे २०२५, मंगळवार. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक उन्हाचे नऊ दिवस, लागून दोन दिवस झाले होते. अभ्यासिकेच्या लोखंडी कपाटात मी मागच्या वर्षाची पावती पुस्तकं शोधत होते, ऑडिटरला द्यायची होती. खालच्या कप्प्यात, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली एक पुस्तक सापडलं. पावती क्रमांक ४०१ ते ५००. पण ४०१ ते ५०० तर माझ्या पिशवीत होतं. म्हणजे एकाच क्रमांकाची पुस्तकं दोन होती. माझ्या पुस्तकातल्या स्थळप्रतींवर शंभर, दोनशे, पाचशे अशा रकमा, माझ्या अक्षरात. दुसऱ्यातल्या स्थळप्रतींवर पाच हजार, अकरा हजार, पंचवीस हजार, आणि अक्षर सरांचं.

अभ्यासिका म्हणजे आमच्या वस्तीतल्या दोन खोल्या. घरी बसायला कोपरा नाही अशी पोरं तिथे रात्री अकरापर्यंत वाचत बसतात. कुणी तलाठ्याची परीक्षा देतं, कुणी पोलीस भरतीची, कुणी नर्सिंगची. सरांनी ती उभी केली. मी सरकारी कार्यालयात लेखापाल आहे. २०१३ पासून आठवड्यातले चार दिवस, ऑफिस सुटल्यावर, मी तिथे गणित शिकवायची आणि हिशेब लिहायची. सरांनी एखादी गोष्ट सांगितली की आमच्या घरात त्यावर चर्चा होत नसे. बारा वर्षं.

त्या रात्री मी पंचांग उघडलं. ही सवय लहानपणची. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात माझे मोठे काका पत्रिका मांडायचे. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. पैसा घेत नसत, आलेल्याला चहा मात्र स्वतः पाजायचे. ग्रह मांडायला मी त्यांच्या पाटीवर शिकले. तर त्या रात्री शनी मीनेत सहा अंशांवर होता. माझा जन्मचंद्र मीनेचा, सहा अंशांचा. पंचांग मिटलं आणि मला रडू आलं. वाटलं, हे बघ, हे कारण.

ते कारण नव्हतं. पण त्या सहा अंशांचा मला पुढचे नऊ महिने फार आधार झाला. तो कसा करून घ्यायचा, म्हणजे गोचर (आकाशातल्या ग्रहांची सध्याची चाल आपल्या पत्रिकेशी ताडून पाहणं) कसं वाचायचं, तेवढं इथे लिहिते. ज्यांचा एखाद्या माणसावरचा, संस्थेवरचा किंवा स्वतःच्याच निवडीवरचा विश्वास तुटला आहे, आणि ज्यांचा हात अशा वेळी पत्रिकेकडे जातोच, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी चंद्राचे अंश काढा

“माझी रास मीन आणि मला साडेसाती आहे” एवढ्यावर काही वाचता येत नाही. रास तीस अंशांची. शनी ती ओलांडायला साधारण अडीच वर्षं घेतो, आणि साडेसाती म्हणजे अशा तीन राशी. साडेसात वर्षांत कुणाच्या घरी दुःख होत नाही? कुणाकडे बारसं होत नाही? इतक्या मोठ्या जाळ्यात काहीही सापडतं. म्हणून अंश हवेत.

जन्मवेळ नक्की नसेल तरी चंद्रापुरतं अडत नाही. चंद्र तासाला अर्ध्या अंशाच्या थोडा पुढे सरकतो, त्यामुळे वीस मिनिटांचा घोळ चालून जातो. लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा अंश. त्याचं तसं नाही, ते चार मिनिटांना एक अंश पुढे जातं. वेळ पक्की नसेल तर या कामासाठी लग्न बाजूला ठेवा. गाव मात्र नीट भरा. नागपूर ७९ अंश ५ कला रेखांशावर आहे आणि आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंशांचं, त्यामुळे इथली स्थानिक वेळ घड्याळाच्या चौदाएक मिनिटं मागे असते. मुंबई एकोणचाळीस मिनिटं मागे. जन्म नागपूरचा आणि अ‍ॅपमध्ये मुंबई राहून गेली तर लग्न सहाएक अंशांनी हुकतं. माझ्याकडे आलेल्या तीन पत्रिकांत ही चूक होती.

दुसरा घोळ सायन-निरयनाचा, आणि तो फार लोकांना छळतो. मोबाइलवर वाचायचं की नेपच्यून मेषेत गेला, आणि पंचांग सांगतं की मीनेत आहे. दोन्ही बरोबर. सायन गणित वसंत संपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हाच्या सूर्याच्या जागेपासून) मोजतं, आपलं निरयन गणित तारकांच्या संदर्भानं. दोन्हींतलं अंतर म्हणजे अयनांश, सध्या चोवीस अंशांहून थोडं जास्त. या अयनांशावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या भांडणं झाली. १९५२ मध्ये केंद्र सरकारनं मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली, तिच्यात आपल्या नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी सदस्य होते. २१ मार्च १९५६ ला अयनांश २३ अंश १५ कला धरायचे, हे त्या समितीनं ठरवलं. काकाजी दप्तरींचं नाव घेताना हातातली पाटी खाली ठेवायचे. सांगायचं एवढंच की जन्मपत्रिका आणि गोचर दोन्ही एकाच गणितानं घ्या. चंद्र पंचांगातला आणि नेपच्यून परदेशी लेखातला असं केलं की सगळं चोवीस अंशांनी फसतं.

कोणता ग्रह पाहायचा

मंगळ, बुध, शुक्र सोडून द्या. ते येतात आणि जातात, त्यांच्यावर मन ठेवलं तर रोज पंचांग उघडावं लागेल. तुटलेल्या विश्वासाचा काळ महिन्यांचा असतो, तर ग्रहही त्याच चालीचे हवेत.

शनी एक. आमच्या परंपरेत तो हिशेब मागणारा. राहू-केतू दुसरे. दीड वर्षात एक रास, नेहमी उलट चालीनं. राहूला जुने लोक धुराचा म्हणतात, केतूला सोडवणारा. एखाद्याची ओढ लागली तेव्हा राहू आणि मन उडालं तेव्हा केतू, असं काकाजी पाहायचे.

आणि नेपच्यून. भ्रम, स्वप्न, भक्ती, फसगत हे सगळं आजचे मराठी ज्योतिषी याच्या नावावर टाकतात. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या जुन्या, पराशर ऋषींच्या ज्योतिष परंपरेत हा ग्रह नाही. तो नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांनी तो शोधला, तोही ल वेरिए यांनी कागदावर गणित करून जागा सांगितली म्हणून. त्याचे ज्योतिषातले अर्थ त्यानंतर लोकांनी लावले. सूर्याभोवती त्याला १६५ वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत जवळजवळ चौदा. शोध लागल्यापासूनची त्याची पहिली फेरी २०११ मध्ये पूर्ण झाली. एकाच फेरीच्या अनुभवावर कुणी तुम्हाला छातीठोकपणे काही सांगत असेल तर सावध राहा.

तरी मी नेपच्यून पाहते. त्यामागे एक हकिकत आहे. गॅलिलिओनं १६१२ च्या डिसेंबरात आणि १६१३ च्या जानेवारीत दुर्बिणीतून गुरू पाहताना नेपच्यून पाहिला होता. वहीत त्याची खूणही केली. पण त्याला तो तारा वाटला. मे महिन्यात ते दुसरं पावती पुस्तक हाती आलं तेव्हा मला आठवलं की त्या पुस्तकाचं निळं पुठ्ठ्याचं वेष्टन मी त्याआधी दोनदा तरी पाहिलं होतं, सरांच्या टेबलावर. पाहिलं होतं, आणि जुनं पुस्तक समजून पुढे गेले होते. कित्येक रात्री मी स्वतःला विचारत होते की बारा वर्षं हिशेब लिहिणाऱ्या बाईला हे कळलं कसं नाही. गॅलिलिओच्या त्या खुणेनं मला थोडी झोप दिली. जे आहे असं मनातच नव्हतं, ते समोर असून ओळखू येत नाही.

वही: घटना आधी, ग्रह नंतर

आता मुख्य काम. याला एक दोनशे पानी वही लागेल आणि एक रविवार.

पंचांग कपाटात ठेवून द्या. अ‍ॅप उघडू नका. ज्याच्याबद्दल भ्रमनिरास झाला त्याची रोजकीर्द लिहा, तारखांसकट. आठवणीतून लिहू नका, आठवण आता दुखावलेली आहे, ती सगळं काळं करून सांगेल. बँकेचं पासबुक, फोनमधले फोटो, जुने संदेश, लग्नपत्रिका, औषधाच्या चिठ्ठ्या हे समोर घ्या. फोनमधल्या फोटोवर तारीख असते. मी तीन वर्षांचे फोटो पाहिले. पहिली शंका कधी आली, कुठलं वाक्य खटकलं, कधी मी स्वतःच विषय बदलला, हे लिहिलं. चांगले दिवसही लिहिले. ते लिहायला फार त्रास झाला, कारण त्या फोटोंत सर हसताना होते आणि मीही.

हे पूर्ण झालं, खाली सही-तारीख टाकली, की मगच दुसऱ्या बाजूच्या पानावर ग्रह लिहायचे. हा क्रम मोडू नका. ग्रह आधी पाहिले की मन त्या तारखांना घटना आणून चिकटवतं. जयंत नारळीकरांनी महाराष्ट्रात ज्योतिषाची एक चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं, अशा दोनशे जणांच्या पत्रिका. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून कोणती कुणाची ते सांगितलं. उत्तरं निम्म्याच्या आसपास बरोबर आली, नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. मी पत्रिका मांडते, तरी ही चाचणी मला नाकारावीशी वाटत नाही. पत्रिका माणसाचा स्वभाव सांगते की नाही, यावर माझा हट्ट नाही. तारखा मात्र पंचांग अचूक देतं, आणि भ्रमनिरासात माणसाला तारखांची फार गरज असते. तो काळ एक सलग चिखल होऊन बसतो. कधी सुरू झालं, कुठवर आलो, किती उरलं, काही कळत नाही.

माझ्या वहीत काय निघालं ते सांगते, जुळलेलंही आणि न जुळलेलंही.

शनी १७ जानेवारी २०२३ ला कुंभेत गेला आणि माझी साडेसाती लागली. ते पहिलं सव्वादोन वर्ष अभ्यासिकेतलं माझं सर्वांत आनंदाचं. तीन पोरं नोकरीला लागली, एकीच्या पेढ्यांचा डबा अजून माझ्याकडे आहे. साडेसाती म्हणजे संकट, हे तिथेच खोटं ठरलं. पहिली शंका नोव्हेंबर २०२४ ची: एका देणगीदार बाईंनी “माझी अकरा हजारांची पावती छान फ्रेम करून ठेवली” असं म्हटलं, आणि अकरा हजारांची पावती मी कधी लिहिलीच नव्हती. तेव्हा शनी माझ्या चंद्रापासून सतरा अंश मागे होता. नेपच्यून तीन अंशांवर, ओढूनताणून जुळवता आलं असतं. मी वहीत लिहिलं, जुळत नाही.

मग मागची फेरी तपासली. हेही जरूर करा, ज्यांचं वय तिशीच्या पुढे आहे त्यांना जमेल. शनी साडेएकोणतीस वर्षांनी त्याच जागी येतो. माझ्या चंद्रावरून तो १९९६ च्या एप्रिलात गेला होता. त्या महिन्यात माझं लग्न ठरलं. तो माणूस तीस वर्षं झाली, अजून रोज सकाळी मला चहा करून देतो. तेव्हा तोच शनी, तोच अंश, आणि घटना ही. पंचांग पाहून रडायला आलेल्या बाईला याहून मोठं औषध नव्हतं.

काकाजींचं एक वाक्य तेव्हा आठवलं. कुणी ग्रहाला शिव्या देऊ लागलं की ते म्हणायचे, “अरे बापा, तो गवाह आहे, त्याले आरोपी काहून करतं?”

तीन फेऱ्या आणि त्यांतली कामं

मंद ग्रह एका अंशावरून एकदाच जाईल असं नसतं. शनी दरवर्षी साडेचार महिने वक्री असतो, म्हणजे उलटा सरकताना दिसतो, नेपच्यून पाच महिन्यांच्या वर. त्यामुळे कित्येकदा तो तुमच्या अंशावरून पुढे जातो, वक्री होऊन परत येतो आणि मार्गी, म्हणजे पुन्हा सरळ, होऊन तिसऱ्यांदा ओलांडतो. माझ्या बाबतीत शनी २०२५ च्या मे अखेरीस आला, १३ जुलैला वक्री झाला, ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांत परत आला, २८ नोव्हेंबरला मार्गी झाला आणि २०२६ च्या फेब्रुवारीच्या मध्यात तिसऱ्यांदा गेला. नेपच्यून तर ते सगळं वर्ष माझ्या चंद्राच्या दोन अंशांच्या आतच घुटमळत होता. फेब्रुवारीत ते दोघे एकत्रही आले, २० तारखेला, उत्तराभाद्रपदा नक्षत्रात. अशी युती छत्तीसेक वर्षांनी होते, आधीची १९८९ ची.

या तीन तारखा मी तीन मुक्काम म्हणून घेतल्या. तुमचा ग्रह एकदाच जात असेल तर वक्री आणि मार्गी होण्याच्या तारखा घ्या, काम तेच.

पहिल्या मुक्कामात निर्णय घ्यायचा नाही. त्या आठवड्यात माझ्या मनात काय काय आलं: सगळ्या पालकांना बोलवावं, सरांच्या घरासमोर उभं राहावं, नाहीतर काहीच झालं नाही असं धरून चालावं. यातलं काही केलं नाही. कागद सुरक्षित केले. दुसऱ्या पुस्तकातल्या प्रत्येक स्थळप्रतीचा फोटो काढला, यादी केली, बेरीज मारली, एक प्रत भावाकडे ठेवायला दिली. बाकी वेळ जेवले, झोपायचा प्रयत्न केला, पोरांना टक्केवारी शिकवली. ज्यांच्या भ्रमनिरासात पैसा नाही, माणूस आहे, त्यांनीही कागदच करावेत. कुणी काय म्हटलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढे तुमच्याच मनात शब्द बदलतील.

दुसरा मुक्काम, वक्री ग्रहाचा, सगळ्यांत अवघड. इथे मागे वळून खतावणी करायची असते, म्हणजे प्रत्येक नोंद तिच्या तिच्या खात्यात लावायची, आणि यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला. त्या वर्षी पोळा २२ ऑगस्टला होता, दुसऱ्या दिवशी मारबत. महालात बालपण गेलेल्या माणसाला मारबत म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, गल्लीगल्लीतून लोक ओरडतात, “इडा पिडा घेऊन जा गे मारबत!” मीही गर्दीत उभी होते. ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले. शेजारची अनोळखी बाई माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, काही विचारलं नाही तिनं. घरी आले आणि वही उघडली.

पानावर तीन खाती केली. एकात तो माणूस. दुसऱ्यात ते काम. तिसऱ्यात माझे स्वतःचे कष्ट. भ्रमनिरास झाला की ही तिन्ही खाती एकमेकांत मिसळतात. माणूस खोटा निघाला म्हणून काम खोटं वाटतं, आणि मग आपली बारा वर्षं बुडीत. लेखापाल म्हणून मी सांगते, बुडीत लिहिण्याआधी वसुली पाहायची असते. मी नावं लिहिली. माझ्या हाताखालून गेलेली, नोकरीला लागलेली पोरं. एकवीस भरली. त्यांना त्रैराशिक येतं ते माझ्यामुळे, सरांच्या अक्षरातल्या पावत्यांनी त्यांच्या उत्तरपत्रिका बदलत नाहीत. हे खातं जमेचंच राहिलं. माणसाच्या खात्यात दोन बाजू झाल्या. त्यानं एका पोराच्या आईच्या ऑपरेशनला अख्खी रात्र दवाखान्यात बसून काढली होती, हे खरं. पोरांच्या परीक्षा फीचे पैसे घराच्या वरच्या मजल्यात गेले, हेही खरं. मी दोन्ही लिहिलं. एकातून दुसरं वजा करायचा फार प्रयत्न केला. होत नाही. ती दोन वेगळ्या परिमाणांची आकडेमोड आहे. तशीच सोडून दिली.

आणखी एक पान केलं: मला काय पाहायचं होतं. माझे वडील लवकर गेले. सरांमध्ये मी काय शोधत होते, ते लिहायला चार दिवस लागले. हे पान कुणाला दाखवू नका. पण लिहा.

२९ ऑगस्टला, गणपती बसल्याच्या तिसऱ्या दिवशी, मी सरांना एकटीनं भेटून यादी समोर ठेवली. ते म्हणाले, “माझी दशाच वाईट चालली आहे.” हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. कुठल्याही रूपात येईल: दशा, नशीब, वेळ, घरचा ताण. दशा वाईट असेल तरी पावती खरीच लिहावी लागते. ते मी शांतपणे बोलले, आणि त्यासाठी आधीची तीन महिन्यांची वही कामी आली.

तिसऱ्या मुक्कामात निर्णय. महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला होती. सोमवारी, १६ तारखेला मी कपाटाच्या किल्ल्या विश्वस्तांकडे लेखी पोच घेऊन दिल्या आणि कागदांसह धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार दिली. नोंदणीकृत विश्वस्त संस्था असेल तर हिशेबाची तक्रार तिथेच जाते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली त्यांना चौकशीचे अधिकार आहेत. मूळ कागद देऊ नका, प्रती द्या, आवक क्रमांक घ्या.

तुमचा निर्णय तुटण्याचाच असेल असं नाही. माझ्या एका मैत्रिणीनं याच पद्धतीनं वही लिहिली आणि तिसऱ्या मुक्कामाला सासरच्या माणसांशी पुन्हा बोलायला लागली. वही काय सांगेल ते आधी ठरवू नका.

भीती विकत घेऊ नका

जून महिन्यात मीही एका ज्योतिषाकडे गेले होते, स्वतःची पत्रिका स्वतः पाहू नये म्हणतात म्हणून. त्यांनी सात मिनिटांत शांतीचे एकवीस हजार सांगितले, आणि “उशीर केला तर घरातल्या माणसावर येईल” हे वर. मी पर्स उघडलीही होती. दुखावलेलं मन पैसे देऊन मोकळं व्हायला तयार असतं, म्हणून सांगते. घरच्यांच्या जिवाचं नाव घेऊन घाई करणारा भेटला की तिथून उठा. नीलम, गोमेद, पितळी यंत्र, काही नको. शनिवारी मारुतीला तेल वाहायचं तर वाहा, टेकडी गणपतीला जा, मीही जाते, देवळात बसलं की श्वास लांब होतो. त्याला एकवीस हजार लागत नाहीत.

आणि पंचांगाच्या बाहेरची एक गोष्ट. पंधरा दिवसांहून जास्त झोप नसेल, जेवण जात नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर तिसऱ्या फेरीची वाट पाहायची नाही. १४४१६ वर फोन करा. सरकारची टेली मानस सेवा आहे, मोफत, रात्रंदिवस, मराठीतून बोलता येतं. सप्टेंबरात एका रात्री मी केला होता. पलीकडच्या मुलीनं चाळीस मिनिटं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायला लावलं. गोळ्या तीन महिने घेतल्या.

ग्रह डोळ्यांनी पाहा

कागदावरचा शनी पाहून थकलात की आकाशातला पाहा. शहरातूनही तो दिसतो, पिवळसर, न लुकलुकणारा. लहान मुलं घरात असतील तर आधी गांधीसागरासमोरच्या रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण दाखवा, मग गच्चीवर न्या.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, अमावास्येच्या आसपास, आमच्या शेजाऱ्यांनी गच्चीवर त्यांची छोटी दुर्बीण लावली. मी अभ्यासिकेतल्या चार पोरांना बोलावलं. एक जण बराच वेळ डोळा लावून उभा होता.

“मॅडम, याले कडी कुठी आहे?”

कडी दिसत नव्हती. एक बारीक रेघ, तीही असल्यासारखी. पंधराएक वर्षांनी शनीची कडी पृथ्वीच्या बाजूनं अगदी काठावर येते, आणि ती इतकी पातळ की दिसेनाशी होते. २०२५ हे तेच वर्ष होतं. मार्चमध्ये ती पूर्ण काठावर आली, नोव्हेंबरात पुन्हा जवळजवळ तशीच. पोरानं पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला शनी तिथे नव्हता. नुसता गोळा होता, फिकट, शांत. त्याला वाईट वाटलं. मग तो परत रांगेत मागे जाऊन उभा राहिला आणि दुसऱ्यांदा पाहायला आला.

मी किल्ल्या दिल्यापासून ही चौघं गुरुवारी आमच्या पोर्चमध्ये येतात. पहिल्या दिवशी फाटकाशी उभी राहून विचारत होती, “मॅडम, तुम्ही शिकवणं बंद नाही ना करून राहिल्या?” चटई टाकली, कूलर लावला, सरळव्याज घेतलं.

आता पुढच्या तारखा. ज्यांचा चंद्र मीनेत सहा अंशांच्या पुढे आहे त्यांच्यावरून शनी २०२६ च्या फेब्रुवारीनंतर जातो. तो ३ जून २०२७ ला मेषेत जाईल, वक्री होऊन त्याच ऑक्टोबरात मीनेत परतेल आणि फेब्रुवारी २०२८ मध्ये कायमचा मेषेत. मीनेच्या शेवटच्या अंशांत चंद्र असेल तर तुमच्याही तीन फेऱ्या होतील. आपले अंश काढा, पंचांगातल्या दैनिक ग्रहांशी ताडून तीन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहा. शेजारी भीतीचं काही लिहू नका. मी माझ्या तिन्ही तारखांपुढे एवढंच लिहिलं होतं: कागद, खतावणी, किल्ल्या.